बिनतारी ग्रुपसेट घ्यावा का?

गेल्या पावसाळ्यात सिंहगडाच्या चढावर माझ्या सायकलच्या मागच्या गिअरची केबल शिफ्टरच्या (हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या कळीच्या) आतच तुटली, साखळी मागच्या सर्वांत लहान चक्रावर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर, जाऊन बसली आणि उरलेला घाट मला सायकल ढकलतच चढावा लागला; तेव्हापासून बिनतारी ग्रुपसेटचा, म्हणजे केबलविना, बॅटरीवर गिअर बदलणाऱ्या गिअर-ब्रेकच्या भागांच्या संचाचा, विचार माझ्या मनातून जात नाही.

सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीचा २०२१ मध्ये आलेला 'रायव्हल ईटॅप एएक्सएस' पूर्णपणे बिनतारी असून त्याच्या प्रत्येक डिरेल्युअरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला) स्वतंत्र, काढून चार्ज करता येणारी बॅटरी असते. तिची स्पर्धक असलेल्या शिमानोच्या २०२२ मधील '१०५ डीआयटू'चे शिफ्टर बिनतारी आहेत, मात्र दोन्ही डिरेल्युअर सीटपोस्टमधील (सीटखालच्या नळीतील) एकाच बॅटरीला तारेने जोडावे लागतात. खर्चाचा खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. स्रॅमच्या कॅसेटचे (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचाचे) सर्वांत लहान चक्र १० दात्यांचे असल्यामुळे तिला एक्सडीआर प्रकारचा फ्रीहब (मागच्या चाकाचा कॅसेट बसवायचा भाग) लागतो, म्हणजे चाकावरही पैसे घालावे लागतात. शिमानोची १२ चक्रांची कॅसेट माझ्या जुन्या ११ गिअरांच्या फ्रीहबवर बसते. हे दोन्ही संच केवळ डिस्क ब्रेकसाठीच मिळतात, ही अट माझी फ्रेम सुदैवाने पूर्ण करते.

बोटाच्या हलक्या स्पर्शाने, प्रत्येक वेळी अचूक बदलणारा गिअर मला मनापासून हवा आहे. तरीही माझी अडचण तुटलेल्या केबलची होती आणि नवी केबल काही शे रुपयांत येते. म्हणून यंदा मी खरेदी थांबवली असून मृगापूर्वीच केबल आणि तिचे आवरण बदलून घेतले आहे. साखळी व कॅसेट झिजून एकत्र बदलण्याची वेळ येईल, तेव्हा '१०५ डीआयटू' घेईन.