ओल्या अकेशियाची मोळी

गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडी, पाण्याच्या टाकीचे स्टँड ही माझी रोजची कामं. कुडाळजवळ छोटं वर्कशॉप आहे, त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जळणाच्या मोळ्या बांधायला काहीतरी करून दे म्हणून कुणी आलं नव्हतं. यंदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक सॉ मिलवाले आले. तेव्हापासून ते काम माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

सॉ मिल बाहेरून बघणाऱ्याला वाटतं तिथे फळ्या तयार होतात. तिथे फळ्यांइतकाच उरलेला मालही तयार होतो. ओंडका ट्रॉलीवर चढवून बँडसॉला लावला की आधी चारी बाजूंनी सालीसकट कडेचे तुकडे, म्हणजे सालपटं, उतरवावी लागतात, तेव्हा कुठे आतला चौकोन हाताला येतो. या सालपटांचं एक अंग सपाट, दुसरं गोल. एक टोक जाड, दुसरं निमुळतं. आमच्याकडे अकेशिया भरपूर, सामाजिक वनीकरणाच्या काळात डोंगराडोंगरांवर लावलेली. तिचं खोड सरळ वाढत नाही, म्हणून सालपटंही जास्त निघतात. भुसा पोत्यांत भरून जातो. सालपटांचा ढीग मात्र मिलच्या मागे वाढत राहतो, आणि त्याला गिऱ्हाईक असतं ते मिरगाच्या आधीच. २०१६ मध्ये उज्ज्वला आली, गॅस घराघरांत पोचला, तरी न्हाणीतलं पाणी अजून चुलीवरच तापतं. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना तांदूळ, सुकी मासळी, तसं जळण. मांगरात मोळ्या रचून झाल्या की घरातली माणसं पावसाला मोकळी.

त्या मिलमध्ये मोळ्या बांधायच्या त्या तीन बायका. सालपट कोयत्याने, जाड असेल तर कुऱ्हाडीने तोडायचं, जमिनीवर सुंभ आडवा टाकायचा, वर लाकडं रचायची, गुडघा दाबून गाठ मारायची, डोक्यावरून नेऊन टेम्पोत चढवायची. मोळीमागे आठ रुपये, तोडण्यापासून चढवण्यापर्यंत सगळं त्यात. मालकांचं म्हणणं, मोळ्या वेड्यावाकड्या होतात, टेम्पोत नीट बसत नाहीत, आणि तोडण्यातच अर्धा दिवस जातो. एक चेनसॉ घेऊन ठेवला होता त्यांनी, तो वापरता येईल असा रॅक हवा होता. "माप एकसारखा येवूक होया," एवढं एकच वाक्य ते दोन-तीनदा बोलले.

काम मला आवडलं, हे मान्य करतो. गेटचं डिझाइन आता लोक मोबाईलवर फोटो दाखवून ठरवतात, त्यात डोकं चालवायला जागाच राहिलेली नाही. इथे सगळं आपण ठरवायचं होतं. ४० बाय ४० चा, ५ मिलीमीटर जाडीचा अँगल घेतला. इंग्रजी यू अक्षरासारख्या चार चौकटी केल्या, आतून १ फूट रुंद आणि वर उघड्या. त्या सहा फुटांच्या तळावर उभ्या केल्या, म्हणजे सहा फुटी सालपटं आडवी टाकली की मधोमध कापून तीन-तीन फुटांच्या दोन मोळ्या एका दमात होतात. चौकटींच्या जागा ठरवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. मोळीच्या टोकापासून चौकट फार आत घेतली तर निमुळती टोकं खाली लोंबतात, फार बाहेर घेतली तर मधला भाग पोटासारखा बसतो. शेवटी टोकापासून आठ इंच पक्कं केलं. मधल्या दोन चौकटींमध्ये चेनसॉचं पातं उतरायला जागा ठेवली. तिथे खाली लोखंड अजिबात नाही, तळाच्या दोन पट्ट्याही तेवढ्या भागात खाली वळवून घेतल्या आणि वर जांभळाचा एक ठोकळा बसवला. साखळी शेवटच्या लाकडातून खाली आली की ठोकळ्यात रुतते. ठोकळा झिजला की बदलायचा. ज्याने एकदा चालू साखळी अँगलला लागताना पाहिली आहे त्याला या ठोकळ्याचं मोल सांगावं लागणार नाही.

आधी बांधायचं, मग कापायचं, हा क्रमही मीच ठरवून दिला. सुटी लाकडं कापताना उडतात. बांधणीसाठी मालकांना प्लास्टिकची पॅकिंग पट्टी हवी होती, कारण ती झटपट होते. मी सुंभावर अडून बसलो. पट्टी चुलीत वितळून घाण वास मारते, बायंडिंग तार राखेत राहते आणि राख काढणाऱ्या हातात घुसते. सुंभ लाकडाबरोबर जळून जातो. आवळण्यासाठी साखळी आणि तीन फुटी पाइपची तरफ केली. सुंभ जिथे घासेल तिथल्या अँगलच्या धारा ग्राइंडरने गोल केल्या. उंची अडीच फूट ठेवली, म्हणजे बांधताना वाकायला नको. साधारण ४२ किलो लोखंड लागलं. रेड ऑक्साइड मारला, त्यावर हिरवा रंग, आणि शनिवारी संध्याकाळी पोचवला.

सोमवारी सकाळी पहिल्या मोळ्या बांधायच्या होत्या, म्हणून मी मुद्दाम गेलो. बायकांनी रॅकला बघताबघता घोडी म्हणायला सुरुवात केली. तिघींमध्ये जी मोठी, तिला सगळे काकी म्हणतात, मीही म्हणतो. साठीच्या आसपासची असेल. तिने सालपटं रचायला घेतली आणि मी बघत राहिलो. पहिला थर सपाट अंग खाली, साल वर. दोन गोल पाठींच्या मध्ये जी खोबण तयार होते त्यात तिसरं सालपट पालथं. जाड टोक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सगळ्यात वरचा थर पुन्हा सपाट अंग बाहेर. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नसतं, कारण मला ते सुचलेलंच नव्हतं. चौकटी गच्च भरल्या, चार ठिकाणी सुंभ आवळला, पोराने चेनसॉ उतरवला. मिनिटभरात दोन मोळ्या, दोन्ही बाजूंना कापलेली टोकं फळीसारखी सरळ. मालक खूश. मी तर फोटोही काढले.

काकीने डोक्यावर चुंबळ ठेवली. एरवी मोळी उचलायला एकीने हात लावला की पुरतो. या वेळी दोघींनी लावला. ती टेम्पोकडे निघाली. मागच्या फाळक्याला टेकवलेली एक फळी असते, तिच्यावरून चढून मोळी आत टाकायची. फळीवर तिसऱ्या पावलाला ती थांबली. मला वाटलं तोल सावरतेय. मग तिचा डावा गुडघा थरथरताना दिसला. तिने मोळी मुद्दाम उजव्या अंगाला सोडली आणि स्वतः डाव्या अंगाला खाली उडी मारली. मोळी दाणकन पडली, पण गाठ सुटली नाही. तो सुंभ, ती गाठ मजबूत निघाली याचा त्या क्षणी मला आनंद झाला, आणि ते मला आजही आठवलं की बरं वाटत नाही.

काकीच्या मानेत चमक भरली होती. ती खाली बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "दादानू, ही पेलवाची नाय माका."

मोळी काट्यावर ठेवली. ४६ किलो.

माझा हिशोब ३० किलोचा होता, आणि तो मी हवेत केलेला नव्हता. मोळी ३ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच, म्हणजे ३ घनफूट. सालपटं रचली की जवळजवळ निम्मी जागा पोकळ राहते. भरीव लाकूड ५५ टक्के धरलं की दीड घनफुटाच्या थोडं वर. वाळलेल्या अकेशियाचं वजन घनफुटाला १८ किलोच्या आसपास. गुणाकार केला की ३० येतात. पण मेमध्ये त्या ढिगात होतं ते आठ-दहा दिवसांपूर्वी कापलेलं लाकूड. ओली अकेशिया पाण्याइतकी जड असते, घनफुटाला २८ किलो. गुणाकार तोच, उत्तर ४६. मी लाकूड ज्या स्थितीत जळतं त्या स्थितीत मोजलं होतं. ज्या स्थितीत ते बाईच्या डोक्यावर चढतं त्या स्थितीत मोजलं नव्हतं.

कोपऱ्यात शनिवारी हाताने बांधलेल्या मोळ्या पडल्या होत्या. मी त्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. २४. २५. साडेचोवीस. २४. मग एक दिसायला बरीच मोठी, जवळजवळ दीडपट. ती नक्की जास्त भरणार असं वाटलं. ती भरली २५. मी नीट बघितलं तर ती आंब्याची होती, गेल्या वर्षीच्या ढिगातली, खडखडीत वाळलेली. मी काकीला विचारलं, तुला कसं कळतं? तिला प्रश्नच विचित्र वाटला. "ओल्या लाकडाक हात आखडून धरूचो लागता," एवढंच म्हणाली. मग उठून दाखवलं. सुंभ आवळायच्या आधी ती मोळीचं एक टोक गुडघ्याने इंचभर वर उचलते आणि सोडते. त्या इंचभरात तिला कळतं. जड वाटलं तर दोन सालपटं काढते, हलकं वाटलं तर एक घालते. मोळ्या वेड्यावाकड्या दिसायच्या त्या यामुळे. आकार वेगवेगळा होता, वजन एकच होतं. मी आणि मालक आकार बघत होतो.

त्याच दुपारी रॅक टेम्पोत घालून परत आणला. चौकटींच्या उभ्या अँगलला अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं पाडली, आडवी पिन घालायची, पिनीला लाकूड टेकलं की भरणं बंद. पुन्हा हिशोब केला: २५ किलोसाठी ओल्या अकेशियाला साडेसहा इंच, वाळलेलीला १० इंच. साडेसहावर निळी खूण, दहावर पिवळी. दहाच्या वरची भोकं मी ठेवलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी नेऊन बसवला. साडेसहा इंचांची मोळी चपटी होते. काकी म्हणाली, ही डोक्यावर गोल मोळीपेक्षा बरी बसते, लोळत नाही. सरळ कापलेली टोकंही तिला आवडली, पूर्वी मानेला टोचायची. म्हणजे घोडी वाईट नव्हती. फक्त तिला इंच कळत होते, किलो कळत नव्हते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मालक पिनीकडे बघून म्हणाले, "पिनी कशाक होयेत? एकच माप बरा." मोळीचा विक्रीचा भाव त्यांनी रविवारीच वाढवून गिऱ्हाइकांना सांगितला होता, मोठ्या मोळीच्या हिशोबाने. मी विचारलं, मग बांधणावळ किती वाढवलीत? तर ती आठच. कापायचं काम आता मशीन करतं ना, असं त्यांचं उत्तर. हिशोब सोपा आहे. २४ किलो उचलायचे आठ रुपये मिळत होते, आता ४६ उचलायचे आठ मिळणार होते. आणि हे सगळं ठरलं होतं माझ्या चौकटीच्या आतल्या १ फुटावर. मी तो फूट का घेतला? टेम्पोच्या रुंदीला भागून बरोबर बसत होता म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

मालक वाईट माणूस नाहीत. काकीला त्याच दिवशी स्वतःच्या गाडीतून डॉक्टरकडे नेलं, चार दिवसांची मजुरीही दिली. पण बांधणावळीचा विषय काढला की त्यांचा आवाज बदलतो. ओझी वाहणाऱ्यांसाठी माथाडी कायदा राज्यात १९६९ पासून आहे. वाशीच्या बाजारात ५० किलोच्या वरची गोणी उचलणार नाही म्हणून माथाडींनी काम थांबवल्याच्या बातम्या आपण वाचतो. ते हजारोंनी आहेत, संघटना आहे. गावातल्या मिलमागे तीन बायका काम थांबवून कुणाला अडवणार? त्यांचं वजनाचं माप त्यांच्या गुडघ्यात होतं, तेवढंच त्यांच्या हातात होतं. मी घोडी नेऊन ठेवली आणि ते काढून घेतलं. लाकूड किती घालायचं हे सोमवारपर्यंत काकी ठरवत होती. त्यानंतर लोखंड ठरवायला लागलं.

मी पिना काढल्या नाहीत. भोकं वाढवून द्या म्हणून मालकांचा दोनदा फोन आला, मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. जूनच्या सुरुवातीला एकदा गेलो तेव्हा पिन निळ्या खुणेवरच होती, पण ती मालकांच्या मर्जीने होती की काकीच्या, ते विचारायला ती मिलवर नव्हती. तिची सून मोळ्या बांधत होती. सून लाकूड पिनीपर्यंत भरते, आवळते, मोकळी होते. टोक गुडघ्याने उचलून बघत नाही. तिला ते करायची गरजच राहिलेली नाही, आणि खुणेवर विश्वास ठेवून तिने बांधलेल्या त्या मोळीत त्या दिवशी अकेशिया होती की त्याहून जड काही, हे मी काट्यावर घालून बघितलं. २६ भरली. तरी मी परत येताना रस्ताभर काकीचा तो गुडघाच आठवत होतो.

आता सावंतवाडीकडच्या दुसऱ्या मिलवाल्यांनी अशीच घोडी मागितली आहे. माझे फोटो कुणीतरी त्यांना दाखवले. ॲडव्हान्स माझ्या खणात तसाच आहे. या वेळी तळाला काट्याची स्प्रिंग बसवता येईल का, भरताभरता वजनच दिसेल असं काही, याची खडूची आकृती वर्कशॉपच्या जमिनीवर काढली आहे. काकीला निरोप पाठवलाय, रविवारी ये आणि चुंबळ घेऊन ये. चार-पाच ओली सालपटं मी आणून ठेवली आहेत. अँगल त्यानंतरच कापीन.