गाड्या २००३ मध्ये पोहोचल्या तेव्हा

रविवारी माझी ऑनकॉलची पाळी होती. माझ्या स्क्रीनवरच्या डॅशबोर्डवर कनेक्टेड, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून आमच्या सर्व्हरला जोडलेल्या, गाड्यांचा आलेख हळूहळू खाली येत होता, पण अलार्म वाजला नव्हता. सुट्टीला गाड्या कमीच फिरतात, म्हणून सिस्टिमला त्यात वावगं काही दिसलं नाही. मला खटकलं ते इतकंच की घसरण एकाच पिढीच्या टीसीयूची होती. टीसीयू म्हणजे गाडीत बसवलेला, सिमकार्ड असलेला डबा. धावत्या गाड्यांचा डेटा सुरळीत येत होता. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, की ती गायब!

एका गाडीचा कच्चा मेसेज उघडला. वेग, बॅटरीचं व्होल्टेज, अक्षांश-रेखांश, सगळं जागच्या जागी. तास-मिनिटं बरोबर, वारही रविवारच. वर्ष मात्र २००३.

फर्मवेअर, म्हणजे टीसीयूच्या आतलं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्या सहकारी मैत्रिणीला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजच्या तारखेतून ती तारीख वजा करून बघ की, किती दिवस येतात?" ७१६८ आले. "सातने भाग." १०२४. पुढे तिला काही सांगावं लागलं नाही.

जीपीएसचा जुना सिग्नल आठवडे मोजतो तो १० बिटांत, म्हणजे ० ते १०२३. मग पुन्हा शून्य. ६ जानेवारी १९८० पासून हे चक्र १९९९ आणि २०१९ असं दोनदा फिरलं. जीपीएसची चिप बनवणारे आपल्या सोयीचा आरंभ-आठवडा धरून ते पुढे ढकलतात, त्यामुळे प्रत्येक चिपचं चक्र आपापल्या रविवारी फिरतं. आमच्या चिपचा रविवार आज होता.

गाडी सुरू झाली की टीसीयू घड्याळ जीपीएसवरून लावतो आणि मग सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हर खरा असल्याची ठरावीक मुदतीची डिजिटल ओळख, तपासतो. २००३ मधल्या गाडीला ते 'अजून लागू न झालेलं' दिसतं. ती जोडणी नाकारते. आधीच जोडलेल्यांना ही तपासणी करावी लागत नाही, म्हणून त्या टिकून होत्या. मुदत उलटलेला लोकेशन डेटा रोज रात्री पुसणारा जॉब मी आधी थांबवला. नाहीतर त्याने आजचा सगळा डेटा वीस वर्षं जुना समजून साफ केला असता.

दुरुस्ती ओटीएने, म्हणजे नेटवर्कवरून थेट गाडीत, पाठवायची, तर ओटीएला जोडणीच लागते. कुणीतरी मागच्या तारखेचं प्रमाणपत्र काढायचं सुचवलं. पण ज्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर ते चालणार, त्याचाच २००३ मध्ये जन्म झालेला नव्हता. उरला एसएमएस. टीसीयूत साठवलेल्या सांकेतिक किल्लीने पडताळता येणारी एक छोटी आज्ञा त्यातून जाऊ शकत होती: वेळ जीपीएसऐवजी मोबाइल टॉवरकडून घे. ती आम्ही टप्प्याटप्प्याने पाठवली, कारण सगळ्या गाड्या एकदम परतल्या असत्या तर सर्व्हर आडवे झाले असते. तळघरात उभ्या गाड्यांना रेंजच नव्हती. मुदत संपली की नेटवर्क न पोहोचलेला एसएमएस टाकून देतं, त्यामुळे त्यांना तो पुन्हापुन्हा पाठवत राहावं लागलं.

पुढच्या फर्मवेअरमध्ये साधा नियम आला: जीपीएसची तारीख फर्मवेअर बनल्याच्या तारखेआधीची निघाली, तर १०२४ आठवडे मिळवायचे. सर्व्हरवरही आता प्रत्येक मेसेजला दोन वेळा असतात, गाडीने सांगितलेली आणि आम्हाला पोहोचल्याची. पुसापुशी दुसरीवरून होते. चक्र फिरण्याची तारीख माहितीपत्रकात छापलेलीच आहे, असं चिपच्या पुरवठादाराने नंतर पान क्रमांकासकट कळवलं.