युनिक्स विद्यापीठांत रुजलं ते सोर्स कोडमुळे

युनिक्स, म्हणजे संगणक चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम, विद्यापीठांत का पसरलं, असं विचारलं की 'स्वस्त होतं म्हणून' हे उत्तर हमखास मिळतं. ते खरं आहे, पण अपुरं. स्वस्त का होतं आणि ते ज्या टेपवर भरून येई त्यावर काय असायचं, हे त्याहून महत्त्वाचं.

१९५६च्या न्यायालयीन तडजोडीनुसार एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीला दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात उतरायला बंदी होती. त्यामुळे तिच्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९पासून घडवलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम कंपनीला इतर मालासारखी बाजारात विकता येईना. जुलै १९७४मध्ये दोघांचा लेख 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या संगणकविषयक नियतकालिकात आला. ४२ किलोबाइटमध्ये मावणारी, पीडीपी-११सारख्या मिनिकॉम्प्युटरवर चालणारी सिस्टिम म्हटल्यावर विद्यापीठांकडून मागणी वाढली. परवाना नाममात्र शुल्कात मिळे, सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्रामच्या माणसाला वाचता येणाऱ्या मूळ मजकुरासकट. सपोर्ट मात्र नाही, चुकाही कंपनी दुरुस्त करून देणार नाही.

माझ्या मते ही अटच निर्णायक ठरली. अडलं तर विचारायला कोणी नाही, म्हणजे कोड उघडून वाचणं आलंच.

१९७५ची युनिक्सची सहावी आवृत्ती यंत्रावर कशी बसवायची ते पाहा. आरके०५ डिस्कवर ५१२ बाइटचे ४,८७२ ब्लॉक, म्हणजे जेमतेम अडीच मेगाबाइट. त्यातले पहिले ४,००० फाइल सिस्टिमला, उरलेले ८७२ स्वॅपला, म्हणजे मेमरीत न मावणाऱ्या प्रोसेस (चालू प्रोग्राम) तात्पुरत्या ठेवायला. यंत्राला काय काय जोडलंय ते 'एमकेकॉन्फ' या प्रोग्रामला सांगायचं. त्यातून 'सी.सी' आणि 'एल.एस' या फाइली निघत. पहिली कंपाइल, दुसरी असेंबल करून (म्हणजे यंत्राच्या भाषेत आणून) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नव्याने लिंक करायचा, जोडून तयार करायचा. डिस्क वेगळी असेल तर 'सी.सी'मधले 'स्वॅपलो' (स्वॅपची जागा कुठून सुरू होते) आणि 'एनस्वॅप' (ती किती ब्लॉकची) हे आकडे हाताने बदलायचे. 'स्वॅपलो' चुकून फाइल सिस्टिमच्या हद्दीत पडला, तर मेमरी अपुरी पडून प्रोसेस डिस्कवर ढकलली गेली की ती थेट फाइलींवरच लिहिली जाते. असा घोळ निस्तरायचा तर कर्नल डिस्क कशी वापरतो हे कळायलाच हवं. सिस्टिम बसवणारा माणूस त्या ओघात ती शिकून जाई.

कर्नल एका माणसाला वाचून संपवता येईल एवढाच होता. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी त्याच्या सुमारे ९,००० ओळी छापून, त्यावर ओळीओळीने भाष्य लिहून ऑपरेटिंग सिस्टिमचा वर्ग घेतला. खरी, रोज चालणारी सिस्टिम आतून दाखवत शिकवणं किती मोलाचं आहे, ते शिकवणाऱ्यालाच कळेल.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या दुरुस्त्या आणि भर बीएसडी या बर्कलेच्या युनिक्स आवृत्तीच्या टेपवरून १९७८पासून इतर विद्यापीठांत जाऊ लागल्या. डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा पैसा मिळाल्यावर १९८३च्या ४.२ बीएसडीत टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवर संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, आले, आणि नेटवर्कवर यायचं तर बीएसडी हा सरळ मार्ग झाला.

इकडे १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने सोर्स कोड वर्गात शिकवायला मनाई केली. शिक्षकांचं मोठं नुकसान झालं. ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स ही युनिक्ससारखी छोटी सिस्टिम स्वतः लिहिली आणि १९८७मध्ये तिचा सोर्स कोड पाठ्यपुस्तकातच छापला. १९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतली, ती मिनिक्स चालणाऱ्या पीसीवर.