बिजागरीतला अक्रोड

काल दुपारी स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यापाशी नुसताच उभा राहिलो. कशाला आलो होतो? फ्रीज उघडला, लावला. एक भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. परत खोलीत येऊन टेकलो तेव्हा आठवलं: चष्मा.

दार ओलांडलं की मेंदू आधीचा कप्पा मिटून नवा उघडतो, असं काही मानसशास्त्रज्ञ म्हणतात. मला ही माणसं फार आवडतात. दारावर ढकललं की वयावर येत नाही.

बायकोला हे पटत नाही. वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू 20 टक्के ऊर्जा एकटा फस्त करतो, मग त्याच्या पानात काय वाढतोस ते बघ, म्हणते. शिवाय रात्री एकपर्यंत फोन. 2013 मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात झोपेत मेंदूच्या पेशींमधली मोकळी जागा सुमारे 60 टक्क्यांनी वाढलेली दिसली. कचरा वाहून जायला वाट. मी जागा, म्हणजे झाडू कोपऱ्यातच.

आजोबा अक्रोड दाराच्या बिजागरीत धरून फोडायचे. "बोटं लांब," म्हणायचे आणि दार सावकाश ओढायचे. कट्ट! निम्म्या वेळा भुगाच व्हायचा. कधी अख्खा गर निघाला तर तळहातावर धरून दाखवायचे. दोन अर्धगोल, मधे फट, वर वळ्या. "बघ, मेंदू! म्हणून मेंदूला चांगला." (या न्यायाने राजमा कशाला चांगला, ते तेव्हा सुचलं नाही.) अक्रोडात ओमेगा-3 असतं हे खरं, पण त्या वळ्यांशी त्याचा काही संबंध नाही.

आजोबा रोज चालायचे, नवाला झोपायचे, तंबाखूला कधी शिवले नाहीत. तरी नावं हरवू लागली.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आवर घालता येईल अशा 14 गोष्टी आहेत. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठेपणा वाचत भराभर खाली आलो आणि 'ऐकू कमी येणं' इथे थांबलो.

आजोबांचे कान आधी गेले होते. आम्ही सुरुवातीला ओरडून बोलायचो. मग थोडक्यात. मग त्यांच्या देखत आपापसातच.

अक्रोड मात्र रोज फोडून दिला. श्रवणयंत्र टेबलाच्या खणात होतं. त्याची बॅटरी आणायची आहे, हे घरात प्रत्येकाच्या लक्षात होतं.