निळीचा डावा डोळा

ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत सलग चार दिवस पाऊस लागला आणि पाचव्या दिवशी सकाळी माझ्या गाडीच्या डाव्या हेडलाइटमध्ये पाणी हलताना दिसलं. नुसतं दव किंवा वाफ असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण हे खालच्या कोपऱ्यात चांगलं बोटभर साचलेलं पाणी होतं. दार लावलं की त्यावर तरंग उठायचे.

गाडी माझदाची एमएक्स-५, १९९९ सालची, दोन सीटची, कापडी टपाची. घरात तिला सगळे निळी म्हणतात. १९८९ला आलेल्या पहिल्या पिढीत बंद असताना बॉनेटमध्ये लपणारे आणि लावले की वर येणारे दिवे होते. निळी दुसऱ्या पिढीतली, म्हणजे दिवे कायम उघडे आणि त्यांच्यावर पारदर्शक आवरण. आपण त्याला काच म्हणतो, असतं पॉलिकार्बोनेटचं. ही काच मागच्या काळ्या डब्याला एका खाचेत चिकटवलेली असते आणि त्या खाचेत ब्युटिल रबराचा चिकट पट्टा असतो. गाडीला पंचवीस वर्षं उलटून गेली. उजवा दिवा आजही कोरडा ठणठणीत आहे. डाव्यातच पाणी का?

उत्तर काचेच्या कडेला दिसत होतं. काळ्या ब्युटिलऐवजी तिथे पांढुरकं, अर्धपारदर्शक सिलिकॉन होतं, बाथरूमच्या टाइल्सच्या कडेला लावतात तसलं. माझ्या आधीच्या कुणा मालकाने किंवा त्याच्या गॅरेजवाल्याने हा दिवा कधीतरी उघडला होता आणि हाताशी होतं ते भरून बंद केला होता. मला या गोष्टीचा खरोखर राग आला. कारण असं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसिटिक आम्लाचा. बंद डब्यात ती वाफ कोंडली की उजेड पुढे फेकणाऱ्या आरशावरच्या, म्हणजे रिफ्लेक्टरवरच्या ॲल्युमिनियमच्या मुलाम्यावर पांढरट डाग धरतो. तो मुलामा इतका पातळ असतो की कापडाने पुसला तरी निघून येतो. एकदा गेला की गेला.

चाकणला मी दोन वर्षं गाड्यांच्या दिव्यांच्या चाचणी विभागात होते. दिवसभर दिवे पेटवायचे, तापवायचे, वरून पाण्याचे फवारे मारायचे आणि आत काय होतं ते बघायचं. तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हेडलाइट हवाबंद असतो असं बहुतेकांना वाटतं. पण तो श्वास घेतो, आणि त्याने तो घ्यायलाच हवा. बल्ब पेटला की आतली हवा तापून फुगते आणि मागच्या छोट्या नळीवाटे बाहेर जाते. दिवा विझला किंवा वरून थंडगार पाऊस पडला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. आतली हवा साठ अंशांवरून वीस अंशांवर आली आणि नळी बुजलेली असली, तर आतला दाब सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे जवळजवळ सव्वा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ! केसाएवढी जरी फट असली तरी तिच्यावर साचलेलं पाणी दिवा अक्षरशः पिऊन टाकतो. म्हणून पाणी दिसलं की फट बुजवायच्या आधी नाक मोकळं आहे का ते बघायचं.

हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगत होते. बाबा पिंपरीला टेल्कोच्या पेंट शॉपमधून निवृत्त झाले. ते म्हणाले, "तू आधी फट शोध. खिडकीच्या तावदानाला लांबी भरायची तर जुनी लांबी खरवडून काढल्याशिवाय नवी धरत नाही, तसंच आहे हे." मागून आईचा आवाज आला, "लोणच्याच्या बरणीला दादरा का बांधतो? वारा लागावा, पाणी लागू नये म्हणून." चाकणला ही गोष्ट मला समजून घ्यायला महिना लागला होता.

शनिवारी सकाळी कामाला लागले. सगळ्यात आधी गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून दिवे लावले आणि भिंतीवर उजेडाची कड जिथे पडते तिथे मास्किंग टेप चिकटवली. दिवा परत बसवल्यावर झोत तिथेच पडायला हवा. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत झोताची उंची बघतात, आणि ते सोडा, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाणं मला स्वतःलाच सहन होत नाही. मग बॅटरीची वायर सुटी केली. या गाडीची बॅटरी मागे डिकीत असते. बंपर सैल केल्याशिवाय हेडलाइट बाहेर येत नाही. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्यामुळे चाकाच्या कमानीतले स्क्रू गंजून बसले होते. प्रत्येकावर गंज सोडवायचं तेल मारून चहा पिऊन आले, तेव्हा कुठे ते हलले. दिवा हातात आला आणि उलटा केल्यावर बल्बच्या भोकातून वाटीभर गढूळ पाणी बाहेर पडलं.

फट शोधायची पद्धत आपल्या पंक्चरवाल्याची. बल्बचं भोक आणि मागची नळी टेपने बंद केली, फक्त टेपच्या एका कोपऱ्यात बारीक नळी खुपसून तिला पायपंप जोडला. दिवा टबात पाण्याखाली धरला. आकुर्डीचा एक मित्र इथे जवळच राहतो, तो पंप हळूहळू दाबत होता. जोरात दाबला तर चांगला सांधाही सुटायचा. दोन-तीन दाबांनंतर वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. बरोबर तिथेच बॉनेटच्या फटीतून पाऊस ओघळतो. आणखी एक बारीक गळती बाजूला होती. मागची श्वासाची नळी मी नंतर तारेने साफ केली. आत चिखल आणि कोळ्याचं जाळं गच्च बसलं होतं. म्हणजे नाक बंद आणि डोक्यावर फट, दोन्ही एकदम.

आता काच काढायची. ब्युटिल गरम केलं की मऊ पडतं, त्यामुळे लोक दिवा सरळ ओव्हनमध्ये ठेवतात. मीही ठेवला. बल्ब, रबरी टोपण, स्क्रू, क्लिपा सगळं आधी काढून, जाळीवर लाकडी फळी ठेवून, वरचा तापणारा भाग बंद करून, ११० अंशांवर आठ मिनिटं. पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंशांना मऊ पडायला लागतं, म्हणून वर जायचं नाही आणि ओव्हनच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आत वेगळं थर्मामीटर ठेवायचं. आठ मिनिटांनी जाड हातमोजे घालून बाहेर काढला. खालच्या बाजूला मूळचं ब्युटिल शिल्लक होतं, तिथे काच ताणल्यावर काळे धागे निघत सुटत गेली, गुळाच्या पाकासारखी.

वरचा अर्धा भाग मात्र जागचा हलेना. सिलिकॉन दोनशे अंशांनाही ढिम्म असतं. तिथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की काच तडकते, हे मी चाकणला कितीदा पाहिलंय. मग मासेमारीची विणलेली दोरी घेतली, दोन्ही टोकांना पेन्सिली बांधल्या आणि करवतीसारखी पुढेमागे ओढत सिलिकॉन कापलं. साडेतीन तास लागले. सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय दुसरं काही चिकटत नाही. त्याचा पापुद्रा जरी खाचेत राहिला तरी नवं ब्युटिल तिथे धरणार नाही. रविवारची अख्खी सकाळ मी प्लास्टिकच्या पातीने आणि बांबूच्या काडीने खाच खरवडण्यात घालवली. नखाने चाचपायचं, जिथे गुळगुळीत रबरासारखं लागेल तिथे परत खरवडायचं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. थिनर किंवा ॲसिटोन पॉलिकार्बोनेटला लावू नका, काचेत जळमटांसारख्या भेगा पडतात.

रिफ्लेक्टरवर खाली पाच रुपयांच्या नाण्याएवढा पांढरा डाग निघाला. हात शिवशिवत होते, तरी लावला नाही. आतल्या भागावरून डिस्टिल्ड वॉटर सोडून माती वाहून जाऊ दिली आणि पुसण्याऐवजी हवेवर सुकू दिलं. रात्रभर दिवा आणि काच बॉयलरच्या कपाटात ठेवले, जिथे आम्ही टॉवेल सुकवतो.

नवं ब्युटिल गोल दोरीच्या रूपात मिळतं, काळं, कागदात गुंडाळलेलं. खाच साधारण नऊ मिलिमीटर रुंद, दोरीही तेवढीच घेतली. हे लावताना घाई चालत नाही. दोरी ओढून लावली तर ती मागाहून आखडते आणि कोपऱ्यात फट सोडते, म्हणून कोपऱ्यांत जरा जास्तच ढकलत न्यायची. जोड कुठे द्यायचा हेही महत्त्वाचं. मी खालच्या बाजूला दिला, टोकावर टोक दीड सेंटीमीटर चढवून बोटाने मळून एकजीव केला. पाणी वरून येतं, तेव्हा जोड वर कशाला? मग डबा आणि काच परत ओव्हनमध्ये सहा मिनिटं, बाहेर काढून काच खाचेत बसवली आणि दोघांनी मिळून चारी बाजूंनी हळूहळू दाबली. कडेने काळ्या ब्युटिलची बारीक रेघ सगळीकडे सारखी वर आली. ती रेघ बघून मला जे समाधान झालं ते भाकरी टम्म फुगल्यावर होतं तसं होतं. क्लिपा लावल्या, मध्ये कापडाच्या घड्या ठेवून शिकंजे आवळले आणि रात्रभर हात लावला नाही.

सोमवारी ऑफिसातून आल्यावर परत टब, परत पंप. एकही बुडबुडा नाही. नळीवरची टेप काढली, नळीचं तोंड खाली येईल असं बसवलं. बल्बच्या काचेला बोट न लावता कागदाने धरून बल्ब घातला, कारण हॅलोजनच्या काचेवर बोटाचं तेल राहिलं की तेवढीच जागा जास्त तापते. दिवा जागेवर, बंपर जागेवर, भिंतीवरच्या टेपशी झोत जुळवला. दोन बोटं वर जात होता, मागचा स्क्रू फिरवून खाली आणला.

पाऊस यायला गुरुवार उजाडला. संध्याकाळी निळी घेऊन जवळच्या केनिलवर्थ गावापर्यंत गेले, तासभर दिवे लावून, वायपर सर्वांत जोरात. तिथल्या किल्ल्याजवळ गाडी थांबवली, दिवे बंद केले, वीस मिनिटं पाऊस तसाच काचेवर पडू दिला. हीच ती वेळ, आतली हवा आकसण्याची. मग टॉर्च घेऊन ओल्या रस्त्यावर उकिडवी बसले. काचेच्या आतून एका कोपऱ्यात रुपयाएवढी धूसर वाफ होती. परत दिवे लावले, दहा मिनिटांत ती विरली. खाली थेंब नाही.

बाबांना फोटो पाठवला. भारतात मध्यरात्र झाली होती, तरी लगेच उत्तर आलं: "उजवा?"

उजव्याला मी हात लावणार नाहीये. त्याचं ब्युटिल १९९९चं आहे आणि अजून धरून आहे. फक्त त्याची नळी रविवारी साफ करेन.