उपदेशाच्या तयारीला किती वेळ लागतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू; हा प्रश्न मला उपासनेनंतर दारात हात मिळवताना हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पुढचा प्रश्नही असतो : पंचवीस मिनिटं बोलायचं, मग बाकी आठवडाभर पाळक करतो काय? तासांतच उत्तर हवं असेल तर दहा-बारा. पण हा आकडा मीच फारसा मानत नाही, कारण माझ्या सगळ्यात वाईट उपदेशाला मी चौदा तास दिले होते.

सेवेतलं दुसरं वर्ष होतं. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय निवडला. मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गेल्यावर तो म्हणतो की परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, त्याचं नाव धन्य असो. भाष्यग्रंथ पालथे घातले, मुद्दे सुबक बांधले आणि बोललोही झकास. तिसऱ्या ओळीतलं एक तरुण जोडपं मात्र हात न मिळवता बाजूच्या दाराने निघून गेलं. त्यांचं बाळ जन्माआधीच गेल्याला महिनाही झाला नव्हता. अर्ध्या मंडळीला ते ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी अभ्यासिकेत बसून ईयोबाचं दुःख समजून घेत होतो.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "पाळकसाहेब, हे वाक्य ईयोबानं स्वतः म्हटलं होतं. त्याला ते दुसऱ्या कुणी ऐकवलं नव्हतं."

एकाही भाष्यग्रंथात मला हे सापडलं नव्हतं. ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

तेव्हापासून माझा आठवडा उलटा झाला. सोमवारी शास्त्रभाग दोन-तीनदा मोठ्यानं वाचतो आणि तो डोक्यात घेऊन भेटींना निघतो. भाष्यग्रंथ गुरुवारी. शुक्रवारी लिहितो, शनिवारी खोडतो. खोडायला लिहिण्याइतकाच वेळ लागतो. (बायबलमध्ये त्रोवस गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि झोप लागून युतुख नावाचा तरुण तिसऱ्या मजल्यावरून पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं आणि तो जिवंत झाला. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही.)

भेटींचं महत्त्व काही मला नव्यानं कळलेलं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरचे पाळक रिचर्ड बॅक्स्टर आणि त्यांचे सहायक आठवड्याचे दोन दिवस राखून पंधरा-सोळा कुटुंबांशी बोलत, म्हणजे वर्षात आठशेच्या वर कुटुंबं व्हावीत. बॅक्स्टर स्वतः नावाजलेले उपदेशक. तरी त्यांनी लिहून ठेवलंय की दहा वर्षं उपदेश ऐकून ज्यांच्यात फरक पडला नाही, अशा काहींना अर्ध्या तासाच्या जवळच्या बोलण्यानं अधिक उमगलं.

एकट्यानं हे झेपत नाही, हेही खरं. बायबलमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे वाद ऐकत बसलेल्या मोशेला, इस्राएल लोकांच्या पुढाऱ्याला, त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, स्पष्ट सांगितलं होतं : तू करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही. आमच्याकडे आता निम्म्या भेटी वडीलमंडळ, म्हणजे चर्चमधल्या जबाबदार ज्येष्ठांचं मंडळ, करतं. पहिल्यांदा मला ते कमीपणाचं वाटलं होतं.

एक पथ्य मात्र कडक पाळतो. घरात ऐकलेलं वेदीवर दाखला म्हणून येत नाही, नाव बदलूनही नाही. मंडळी ओळखते, आणि मग पुढच्या भेटीत फक्त हवापाण्याच्या गप्पा होतात.

ईयोबाच्या त्या वचनावर मी पुन्हा उपदेश केलेला नाही. बऱ्याच वर्षांनी एका अंत्यविधीत मुलाच्या पेटीवर हात ठेवून एका आईनंच ते म्हटलं. मी पुढे लिहून आणलेलं काही वाचलं नाही. आमेन म्हणालो.