साडेसहानंतरचा पाव

दर मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला मी आमच्या गल्लीच्या टोकावरच्या बेकरीच्या मागच्या दाराशी सायकल घेऊन उभी असते. दुकान साडेसहाला बंद झालेलं असतं. आतून एक मुलगी प्लास्टिकचे क्रेट बाहेर सरकवते. मागच्या मंगळवारी त्यात नऊ मोठे पाव होते, तेवीस ब्रोट्खेन, म्हणजे नाश्त्याला खातात ते मुठीएवढे पाव, चार प्रेट्झेल आणि आलुबुखारचा अर्धा केक. सगळं त्याच दिवशी सकाळी भाजलेलं. मी उचललं नाही, तर रात्री ते कचऱ्याच्या पेटीत जाणार.

जर्मनीतल्या बॉनला येऊन मला सहा वर्षं झाली. माहेर बीड जिल्ह्यातलं. आमच्याकडे शिळी भाकर कुस्करून फोडणीला टाकतात, फार वाळली तर गुरांना घालतात, पण केरात टाकलेली मी कधी पाहिली नव्हती. इथल्या पहिल्या हिवाळ्यात इमारतीच्या पेटीत न फोडलेलं पावाचं पाकीट पडलेलं दिसलं आणि ते दृश्य काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. मग शेजारच्या एका मुलीने फूडशेअरिंगबद्दल सांगितलं.

2012 मध्ये जर्मनीत सुरू झालेली ही स्वयंसेवकांची चळवळ. आधी ऑनलाइन प्रश्नपत्रिका सोडवायची, मग तीनदा अनुभवी माणसाबरोबर जाऊन अन्न उचलायचं, मग ओळखपत्र मिळतं. दुकानात उरलेल्या मालावर पहिला हक्क टाफेलचा. गरजू कुटुंबांना अन्न पोचवणारी ही संस्था 1993 मध्ये बर्लिनमध्ये सुरू झाली. आज देशभरात तिची 970 हून जास्त केंद्रं आहेत. त्यांना जे नेता येत नाही, ते आमच्याकडे येतं. मी ते गल्लीतल्या फेअरटायलरवर ठेवते. फेअरटायलर म्हणजे भिंतीला लागून ठेवलेलं एक कपाट आणि फ्रिज. कोणीही ठेवावं, कोणीही न्यावं, कोण कशासाठी नेतंय हे विचारायचं नाही. कच्चा खिमा, कच्ची मासळी, कच्च्या अंड्याचे पदार्थ तिथे चालत नाहीत. बाकीचं तासाभरात उचललं जातं. विद्यार्थी येतात, पेन्शनवर राहणारे येतात, कधी पोराला घेऊन एखादी आई येते आणि घाईघाईने पिशवी भरते.

बेकरीच्या मालकीणबाईंना मी एकदा विचारलं, रोज उरतं तर कमी का भाजत नाही? त्या म्हणाल्या, सहा वाजता आलेल्या गिऱ्हाइकाला फळी रिकामी दिसली तर तो उद्या पलीकडच्या दुकानात जाईल. पाव उरला तर पिठाचे पैसे जातात, गिऱ्हाईक गेलं तर दुकान जातं. बाई मनाने चांगल्या आहेत, फेकताना त्यांचा जीव तुटतो. पण दुकान बंद होईपर्यंत सगळ्या प्रकारचा पाव मिळालाच पाहिजे, ही सवय आपण गिऱ्हाइकांनीच लावली आहे.

29 सप्टेंबर हा अन्ननासाडीबद्दल जागृतीचा संयुक्त राष्ट्रांचा दिवस. 2020 पासून तो पाळतात. गेल्या वर्षी आमच्या गटाने बाजारचौकात टेबल मांडलं होतं. शेतकऱ्यांनी आकार वाकडा म्हणून बाजूला काढलेली गाजरं चिरून सूप केलं आणि मागे मोठा फलक लावला. 2022 मध्ये जगभरात दुकानं, उपाहारगृहं आणि घरं मिळून 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 63 कोटी टन घरांतून. 2024 मध्ये 67 कोटी माणसं उपाशी किंवा अर्धपोटी होती. जर्मनीत वर्षाला 1 कोटी 10 लाख टनांच्या आसपास अन्न फेकलं जातं आणि त्यातही निम्म्याहून जास्त घरांमधूनच. लोक थांबायचे, वाचायचे, मान हलवायचे, सूप पिऊन जायचे. जवळजवळ प्रत्येक जण म्हणायचा, "आम्ही तर काहीच टाकत नाही."

एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाने सूप अर्धं ठेवलं. त्या माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाल्या, "यांच्या देशात मुलं उपाशी आहेत, संपव बघू." मला काय बोलावं कळेना. भारतात आजही कुपोषित मुलं आहेत, ते मी कशाला नाकारू? पण त्या पोराने सूप संपवलं म्हणून माझ्या जिल्ह्यातल्या एकाही पोराच्या पोटात घास जाणार नव्हता. आणि माझा अख्खा देश त्या अर्ध्या वाटीला बांधला गेला, ते आत कुठेतरी लागलं.

घरी येऊन हे मी खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगितलं. त्या मूळच्या कोलोनच्या, आता सत्त्याऐंशीच्या. त्या न बोलता उठल्या आणि बाल्कनीतून कापडी पिशवी घेऊन आल्या. आत वाळवलेले पावाचे तुकडे. 1946-47 च्या हिवाळ्यात त्या आठ वर्षांच्या होत्या. युद्धात शहर जमीनदोस्त झालेलं, कडाक्याची थंडी, रेशनवर काही ठिकाणी दिवसाला हजार कॅलरीसुद्धा मिळत नव्हत्या. बटाट्याच्या सालींचं सूप खाल्लंय, म्हणाल्या. त्या 31 डिसेंबरला कोलोनचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल फ्रिंग्स यांनी प्रवचनात सांगितलं, की जीव वाचवायला लागेल तेवढं कष्ट करून किंवा मागून मिळतच नसेल, तर माणसाने ते घेतलं तरी चालेल. लोक मालगाड्यांवरून कोळसा उतरवायचे. त्या घेण्याला कोलोनच्या भाषेत नावच पडलं, 'फ्रिंग्झन'. आजींच्या आईनेही फ्रिंग्झन केलं होतं आणि आजी ते ताठ मानेने सांगतात.

त्याच देशात 2018 मध्ये म्युनिकजवळच्या ओल्शिंगमध्ये दोन विद्यार्थिनींनी एका सुपरमार्केटच्या कुलूपबंद पेटीतून फेकलेलं अन्न काढलं. चोरीचा खटला झाला, त्या दोषी ठरल्या आणि समाजसेवेचे आठ तास त्यांना टाफेलमध्ये भरायला सांगितले. 2020 मध्ये घटनात्मक न्यायालयानेही निकाल बदलला नाही. फेकलेलं अन्नही मालकाचंच राहतं. आजींना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "पेटीतलं? कचऱ्याच्या पेटीतलं?"

त्या रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आजी माझ्याकडेच होत्या. मी दुभाषी झाले. आईने 72 च्या दुष्काळाचं सांगितलं. ती नऊ वर्षांची होती, तिचे आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार. "भाकर थापताना फुटायची गं," आई म्हणाली, "अन् आमची आई तुकडे जोडून जोडून भाजायची." जर्मन आजींनी पिशवीतला एक तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. आईला भाषांतर लागलं नाही. ती म्हणाली, "त्यांना विचार, मुंग्या लागत नाहीत का?"

त्या कॉलनंतर टेबलावर काय बोलायचं ते मी बदललं. बहात्तरला मराठवाड्यात पाऊस नव्हता, पण देशात धान्य होतं. ते विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. म्हणून लोकांनी आधी काम मागितलं आणि त्यातूनच महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली. आजही जग सगळ्यांना पुरेल एवढं पिकवतं. लढाई, महागाई आणि रिकामे खिसे माणसाला उपाशी ठेवतात. इकडे जे फेकलं जातं, ते पिकवायला जमीन मात्र लागतेच. वाया जाणारं अन्न पिकवण्यात जगातली 140 कोटी हेक्टर जमीन अडकते, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा 2013 चा अंदाज आहे. सबंध भारताच्या चौपटीहून जास्त. तेवढं पाणी, तेवढं खत, तेवढे कष्ट. हे ऐकताना लोक थांबतात, प्रश्न विचारतात. आणि बेकरीच्या मालकीणबाईंनी आता साडेपाचनंतर पाटी लावायला सुरुवात केली आहे: 'जे आहे त्यातून निवडा.' गिऱ्हाईक तुटलेलं नाही. क्रेट मात्र पूर्वीपेक्षा हलके झाले आहेत.

या वर्षी आजी स्वतः टेबलाशी येऊन बसल्या, मांडीवर ती पिशवी घेऊन. मुलं त्यांच्याभोवतीच घुटमळत होती.

आई दर मंगळवारी रात्री फोन करते आणि पहिलं विचारते, "आज किती निघाले?" मागच्या खेपेला मी सांगितलं, नऊ मोठे, तेवीस लहान. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या वस्तीवर तवा अकरा घरं होती."